मोठ्या सिस्टरांचा गळा

जबाब देणार: भूलतज्ज्ञ डॉक्टर, रुग्णालयात "भूलबाई" या नावाने परिचित. वय ६७ वर्षे. व्यवसाय: सरकारी नोकरीतून निवृत्त, सध्या बोलावतील त्या खाजगी दवाखान्यात भूल देणे. राहणार: जुन्या सरकारी रुग्णालयामागील इमारत, तळमजला.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझ्या उजव्या मनगटाचे हाड मोडले आहे. ते एका रुग्णाच्या मुलाने मारहाण करून मोडले, अशी तक्रार खाजगी दवाखान्याच्या व्यवस्थापकांनी दिली आहे. त्याबाबत मला माहीत आहे ते सांगते.

सदर रुग्ण म्हणजे आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरच्या मोठ्या सिस्टर. आमची नोकरीची सगळी वर्षे एकाच थिएटरात गेली. मुलगा हा त्यांचा एकुलता एक. लहानपणी आईची ड्युटी संपेपर्यंत तो आमच्या खोलीत धुतलेल्या हिरव्या चादरींच्या ढिगावर झोपायचा. याचा तक्रारीशी संबंध नाही असे साहेब म्हणाले, तरी लिहून घ्यावे अशी मी विनंती केली.

साहेबांनी विचारल्यावरून माझ्या कामाबद्दल सांगते. पूर्ण भूल दिली की रुग्णाचा श्वास थांबतो. म्हणून तोंडातून श्वासनलिकेत नळी घालून त्याला श्वास द्यावा लागतो. नळी गेली नाही आणि मास्कनेही हवा आत शिरली नाही, तर काही मिनिटांत जीव जातो. म्हणून नळी कोणाला अवघड जाईल ते आधीच ओळखावे लागते. तोंड किती उघडते, पडजीभ दिसते का, हनुवटी आत आहे का, मान मागे जाते का, हे बघायचे असते.

सिस्टरांना आणि मला याचा नादच लागला होता. बसथांब्यावर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाकडे बघून त्या माझ्या कानात म्हणायच्या, "बाई, हा नडणार." दाढीवाल्यांवर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. म्हणायच्या, दाढीखाली हनुवटी आहे की नुसती हौस, कोणाला ठाऊक! थिएटरात येणाऱ्या रुग्णांबद्दलचे त्यांचे निम्मे अंदाज चुकायचे. माझेही चुकायचे. हरेल तिने चहा करायचा. थिएटरच्या खिडकीत बसून आम्ही तो प्यायचो. खाली निलगिरीची झाडे होती. आता तिथे गाड्या उभ्या करतात.

घटनेच्या दिवशी सकाळी मला खाजगी दवाखान्यातून फोन आला. पित्ताशय काढायचे होते. थिएटरातल्या खाटेवर सिस्टर आहेत हे मला तिथे गेल्यावरच कळले. सांधेवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती. मी तोंड उघडायला सांगितले. माझी दोन बोटेही जेमतेम मावली. मान लाकडासारखी ताठ होती.

"पास की नापास, बाई?" त्यांनी विचारले.

मी म्हणाले, "नापास."

"मग इथे नका झोपवू मला," त्या म्हणाल्या आणि हसल्या. हे बोलणे झाले तेव्हा मुलगा औषधे आणायला गेला होता.

मी तरुण सर्जनना सांगितले की, यांना जागे ठेवून, घसा बधिर करून, बारीक कॅमेऱ्यावरून नळी घालावी लागेल. तो कॅमेरा इथे नाही. मोठ्या रुग्णालयात हलवू.

ते म्हणाले, "मॅडम, नाहीच गेली तर तेव्हा बघू ना."

"झोपवल्यावर बघायचं नसतं, डॉक्टर."

त्यांनी लगेच रुग्णवाहिका मागवली. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

मुलगा परत आला तेव्हा, आईला हलवायचे आहे हे मी त्याला सांगितले. आई तीन दिवस वेदनेने तळमळत होती, आणि आता काम होईल असे त्याला सांगितलेले होते. तो म्हणाला, "मावशी, तुम्हीसुद्धा? खरं सांगा, हात थरथरतो म्हणून नाही म्हणताय ना?"

मी सिस्टरांना बाहेर काढण्यासाठी थिएटरकडे वळले. दारातून आत शिरताच माझ्यामागे दार लोटले गेले, ते लागून मी पडले आणि मनगट मोडले. सदर दार दोन्ही बाजूंना उघडते. त्याला काच आहे, परंतु ती माझ्या उंचीच्या वर आहे. मुलाला मी दिसले असेन का, असे साहेबांनी दोनदा विचारले. दोन्ही वेळा मी काचेबद्दलच सांगितले.

हाताला फळी बांधून मी रुग्णवाहिकेत बसले. मुलगा समोर होता. 

मोठ्या रुग्णालयात तिथल्या भूलतज्ज्ञांनी नाकातून कॅमेरा घातला. त्यांनाही वाट पटकन सापडली नाही. सिस्टर जाग्या होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होते. आमच्या थिएटरात भूल देताना रुग्णाचा हात धरून त्या विचारायच्या, "घरी कोण कोण आहे?" माणसे एकेकाचे नाव घेता घेता झोपी जायची. मी डाव्या हाताने त्यांचा हात धरला आणि तेच विचारले. घसा बधिर होता, बोलता येत नव्हते. त्यांनी एक वाकडे बोट वर केले. मग दुसरे केले आणि ते माझ्या हातावर टेकवले. तेवढ्यात नळी गेल्याचे डॉक्टरांनी सांगितले.

ऑपरेशन नीट झाले. दुसऱ्या दिवशी सिस्टरांचा आवाज बसलेला होता. मुलाने त्यांच्यासमोर माझी माफी मागितली. त्या त्याला म्हणाल्या, "माफी काय मागतोस? बाईंचं प्लास्टर निघेपर्यंत दोन्ही वेळचा डबा पोहोचव." तो आणतो. मीठ कमी असते.

सबब, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मला कोणी शिकवलेले नाही की धमकावलेले नाही.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे व खरा आहे. उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने सही डाव्या हाताने केली आहे. सही करताना कागद सरकू नये म्हणून तो रुग्णाच्या मुलाने धरला होता.