संपर्काचा रकाना

— नाही रे शिवराम, मी रागावले कुठे? बस तू. चार दिवस एकही ई-मेल आला नाही म्हणून विचारायला आलास ना, बघू आपण, आधी चहा घे. आणि अर्ज केलास त्यात चुकलं काय? एकोणीसशे नव्याण्णव साल आहे, स्पर्धा पाहिजेच. इंटरनेटवर नाव — ई-मेलच्या पत्त्यात @च्या पुढे येतं ते — नोंदवायचं तर लोकांनी ठाण्याला, ह्याच टेबलापाशी, माझ्याकडे, मंदाकिनीबाईंकडेच का यायचं — बरोबर आहे तुझं. समिती ज्याला काम देईल त्याने नावांची वही सांभाळायची. तू नोकरी सोडलीस, दिवा स्टेशनजवळच्या खोलीत दोन मित्र घेऊन बसलास, आणि म्हणतोस एका दिवसात नाव देऊ. आम्हाला तीन आठवडे लागतात. लागतात बाबा. लेटरहेड बघायचं, सही जुळवायची, शंभर भानगडी.

मागच्या खेपेला कळव्याचा धाकू आलेला, असाच अर्ज घेऊन. फार हुशार. पण संपर्काच्या रकान्यात त्याने स्वतः नोंदवलेल्या नावावरचाच ई-मेल दिला — सगळे देतात, ऐट असते ना! पण ते नाव कुणाच्या वहीत? आमच्या. नाव बंद झालं की त्यावर येणारं टपालही बंद. मग 'तुमचं नाव बंद केलंय' ही नोटीस जाते कुठे? त्याच पत्त्यावर. हसतोस काय, नियमच तसा आहे. समितीने त्याला चार प्रश्न विचारलेले, तेही तिकडेच. उत्तर नाही. अर्जदार उदासीन, असा शेरा बसला, संपलं. नाव बंद का झालं? सहीचा कागद जुना निघाला. तपासायला कुणी काढला? — अरे, कुणीतरी काढतंच.

सात वर्षं मी एकटीने ही वही सांभाळली, अंगात ताप असताना याद्या टाइप केल्यात. आणि आता कुणीही येऊन म्हणणार, बाई, उठा? राग येतो रे. येतोच.

तुझ्या अर्जाची प्रत आलीय माझ्याकडे, अभिप्रायाला. फोनचा रकाना कोरा. हो, माहितेय, दिव्यात लाइन मिळत नाही आणि घरमालक निरोप देत नाही. मग उरला ई-मेल, तोही तू नोंदवलेल्या नावावरचाच. समितीचे प्रश्न आले नाहीत? सोमवारी तर गेले — म्हणजे, गेले असतील. सहसा सोमवारीच जातात. असा बघू नकोस माझ्याकडे. सहीच फक्त पडताळायला काढली मी, शुक्रवारी, नियमाने, आणि नोटीस लगेच पाठवली. कुठे म्हणजे? तू दिलेल्या पत्त्यावर.

उत्तरांची मुदत? आज पाचपर्यंत. पावणेपाच झालेत. समिती पुण्याला बसते, आणि आमचा फॅक्स बिघडलाय — कालपासून. उठलास? बरं, ये. जाताना दार ओढून घे, मशीनना धूळ चालत नाही.