बिनआवाजाची युनियन

आमी मूळचे पाटणकडले. मिसरूड फुटलं तवा चुलत्यानं मुंबईला आणून गिरणीत लावला, साळखात्यात, म्हंजे कापड विणायच्या खात्यात. गिरणी सुटल्यावर वाशीच्या एपीएमसीत कांद्याच्या गाळ्यावर वझी उचलली, आन आता कोपरखैरण्यात पोराकडं ऱ्हातो.

तुमी गिरणीचं लिहून घेताय म्हणून सांगतो ताई, साळखात्यात सगळे साचे, म्हंजे माग, एकदम धडधडायचे, शेजारच्याच्या कानात बोंबललं तरी ऐकू यायचं न्हाय. मग आमी ओठांवर बोलायचो. आवाज न काढता तोंड हलवायचं आन समोरच्यानं वाचायचं. माझ्या समोरचा साचा शंकरचा. आमी एकाच चाळीतले, आज भाजी काय, पोरीला ताप हाय, सगळं तिथंच कळायचं.

आन युनियन बी तिथंच झाली बघा. झेंडा, घोषणा, गेटमिटिंग, ते लोकांनी बघितलं, ते मागनं. आधी झाली ती ओठांवर. जॉबरला, म्हंजे आमच्यावरच्या मुकादमाला बी ती बोली यायची, म्हणून त्यानं पाठ वळवली की बोलायचो, कमिटीत कोण, जमायचं कुठं. सात जणांची कमिटी झाली, मी, शंकर आन बाकी पाच. नावं कुठं लिहिली न्हाईत, मोठ्यानं कुणी घेतली न्हाईत.

तरी एका सकाळी सातीच्या साती जण गेटावर अडवले. आत यायचं न्हाय म्हणाले. खात्यातल्या बाकीच्यांनी घाबरून माना खाली घातल्या आन आमची युनियन तिथंच मोडली. तो मोठा संप मागनं झाला, गिरण्याच गेल्या, पण आमी त्याच्या आधीच रस्त्यावर. बायको बाळंतपणाला गावी गेलेली, तिला कळवलं हिकडं येऊ नको, आन पोरगं चालाया लागल्यावर मी त्याला पयल्यांदा बघितलं. नावं कुणी फोडली ते कळलं न्हाय. शंकर आन मी पुढं एकाच गाळ्यावर लागलो, जेवताना हाच विषय, कोण असंल रं, कोण असंल.

आता शंकर नेरूळला दवाखान्यात हाय. घशाला नळी घातलीय, आवाज गेला, हात थरथरतो म्हणून लिहिता येत न्हाय. त्याची पोरगी सुरेखा सीवूड्सला ऱ्हाते, तिचा फोन आला, काका, बाबा काहीतरी बोलतायत, आम्हाला कोणालाच समजत नाही, खूप टेन्शन आलंय. मी गेलो, पलंगाच्या पायथ्याशी उभा ऱ्हायलो. फॅन बंद कर म्हणतोय, मी सांगितलं. कूस बदल म्हणतोय. पोरगी रडायलाच लागली, काका, तुम्ही रोज या.

परवा गेलो तर शंकर माझ्याकडं बघून म्हणतो, नावं मी दिली व्हती. मला वाटलं माझीच नजर गेली. परत म्हण म्हणलं. परत म्हणाला, सावकाश, एकेक शब्द. सुरेखा तवा तापानं फणफणलेली, मॅनेजर म्हणाला तिचा दवाखाना करतो, तुझी नोकरी ठेवतो, मी सहा नावं दिली, सातवं माझं त्यांनीच घातलं. मी पलंगाचा दांडा धरला ताई. एका डब्यात जेवलो आमी इतकी वर्सं. कोण असंल रं, असं तो बी म्हणायचा, माझ्या तोंडाकडं बघून. आन ही सुरेखा तिथंच, त्याचे पाय चेपत, काय म्हणतायत काका? शंकर ओठांनीच म्हणाला, सांग तिला.

मी म्हणलं, तहान लागलीय म्हणतोय. तिनं कापूस भिजवून त्याच्या ओठांना लावला. मी आवाज न काढता त्याला म्हणलं, तिला न्हाय सांगणार. तिनं काय केलं व्हतं, आजारी पडली एवढंच. त्यानं डोळे मिटून घेतले.

तवापास्नं डोकं बधिर हाय. बायकोला बोललो न्हाय, तुमच्याकडंच पयल्यांदा तोंड उघडलं. राग हाय का, हाय ना, पण धड रागावता बी येत न्हाय, ती तापलेली पोरगी तवा मी बी खांद्यावर घेऊन फिरलो व्हतो. उद्या परत जायचंय. तो बोलंल, मी वाचीन. पोरीला औक्ष लाभो. तुमी लिहा, युनियन कशी झाली, कुणी मोडली, सगळं लिहा, लपवू नका. फक्त तिचं नाव तेवढं बदला.