न धुतलेली पिशवी

मी मूळची रेडीची. सावंतवाडीत येवन जन्म गेलो, तरी कोणी गाव विचारल्यान काय माझ्या तोंडातसून पयला रेडीच येता. आमचा घर रस्त्याक लागून, आणि बंदराक खनिज न्हेणारे ट्रक दारासमोरसून जायत, तेंची तांबडी धूळ अंगणात, कळशीत, वाळत घातलेल्या कपड्यांवर, भाताच्या पेजेत सुदीक. आवस माझी दिसभर पुसत ऱ्हवायची आणि तिचा बघून माकापण तीच खोड लागली, हातात फडको नसलो तर माका चैन पडणा नाय. लगीन ठरला तेवा आवस म्हणाली, चेडवा, सुटलंस गो ह्या धुळीतसून, आता राजाच्या गावात जातलंस. आणि काय सांगू तुमका, सासरच्या पडवीत पाय ठेवलंय आणि पयली शिंक इली.

सासर लाकडी खेळण्यांचा. आमचे हे लेथीवर लाकूड काततत, पांगाऱ्याचा, हलक्या असता ता, तेचे आंबे करतत, केळी, सीताफळां, काजूची बोंडां. मगे पॉलिशपेपर मारून गुळगुळीत करतत, आणि रंगवतंय मी. माझो आंबो बघून गिऱ्हायक वास घेता, खोटा नाय सांगणय. पण पॉलिशपेपरची धूळ म्हंजे पीठ, ती खाली बसाचा नाव घेणा नाय, आणि रंग ओलो आसताना बसली काय आंब्याक अंगभर पुरळ. म्हणान आमच्याकडे पाळी. सकाळी ह्यांची लेथ, दुपारी मी सगळा पुसून काढून रंगाक बसाचंय, आणि मी बसलंय काय ह्यांनी तळ्याकडे फिराक जावचा. एकाच पडवीत संसार झालो, पण दोघां एका टायमाक कामाक बसलेली कोणी बघूक नाय. शेजारीण म्हणायची, तुमचा बरा गो, भांडाण कधी होणा नाय. म्हटलंय, भांडाक समोर तर येवक व्हया!

मगे ह्यांका खोकलो लागलो. आदी सकाळचो, मगे दिसभर, मगे जिनो चढताना मधीच बसाचे. आमचा चेडू पनवेलीक असता, शोभा, तिना तोंडाक बांधूचे ते मास्क धाडल्यान, तर हे मास्क दाढीखाली लावन बसत, जसो काय खोकलो दाढीतसून आत जाता. डागतरांनी फोटो काढलो छातीचो, म्हणाले, काका, लाकडाची धूळ थांबवा नाहीतर काम थांबवा, दोन्ही एकदम चालणार नाही. शोभा म्हणाली, बाबा, पुरे झाला, लेथ विका आणि माझ्याकडे येवा दोघांव.  कुडाळचो एक फर्निचरवालो कधीपासून ती लेथ मागी होतो, तेका हे शब्द देवन इले. तुळशीचा लगीन झाला काय टेम्पो घेवन येतंय म्हणालो तो. त्या दिसापासून हे लेथीक रोज तेल घालूक लागले. मी बघी आणि मनात म्हणी, पनवेलीत जावन हो माणूस करतलो काय? कठड्याक टेकून गाडये मोजतलो? माका ता बघवाचा नाय होता.

तेवाच आमच्याकडे एक मशीन इला, ता खंयसून ता सांगतंय. ह्यांचो एक दोस्त म्हापशाक, तेच्या बापाशीचो फर्निचरचो मोठो कारखानो होतो, तो बंद करून तेना सगळा भंगारात काढल्यान. हे भेटूक गेले आणि येताना नारळाच्या टेम्पोत घालून ता धूड घेवन इले. लोखंडाचा पिंप, वर पंखो, पंख्याच्या डोक्यार मोटार, बाजूक हत्तीच्या सोंडेसारखो पाईप, तो पण फाटको. बापजाद्यांच्या वेळचा धूळ ओढूचा मशीन. मी म्हटलंय, अवो, लोक म्हापशासून काजू आणतत, मासळी आणतत, तुमी गंज आणलास? हे म्हणाले, ह्या चलला तर लेथ ऱ्हवली, नाय तर टेम्पोत दोन्ही घालून देतंय. तेवा माका कळला. मी मुकाट्यान पदर खोचलंय आणि त्या मशीनाक पुसूक घेतलंय.

आमच्या गल्लीच्या तोंडाक बाबल वायंडर असता, जळालेल्या मोटारींची तार भरता. तो इलो, मशीनाभोवती एक फेरी मारल्यान आणि म्हणालो, वैनी, ह्याका रिपेर करूचा काय ह्याचा बारावा घालूचा? पण खोल्ल्यान. आत कुंभारीण माशयांनी मातयेची घरां बांधलेली, उंदराचा बिऱ्हाड, आणि पंख्यार जुनी भुकटी थरावर थर बसान फरशीसारखी घट झालेली. ती मी काढलंय, रॉकेलात भिजवन, नारळाच्या कवंटीन खरवडून. खाली पंख्याचा बीड निघाला, काळाभोर, एक चीर नाय. बाबल बघतच ऱ्हवलो. म्हणालो, आताचे पंखे ह्याच्यासमोर पापड. मोटारीची तार सगळी जळालेली, ती तेना नवी भरल्यान, बेअरिंगां बदलल्यान, आणि ह्यांनी तेलाचो डबो कापून पाईपाक तोंड केल्यानी, लेथीच्या अगदी अंगाक लागता असा. कितीतरी महिन्यांनी ह्यांका शीळ घालताना ऐकलंय.

चालू करूच्या आदी गाऱ्हाणा घातल्यानी. बा देवा म्हाराजा, ह्या म्हाताऱ्या मशीनाक बळ दी, खंय काय चुकला-माकला असात ता पोटात घाल. बाबल आणि मी म्हटलव, व्हय म्हाराजा. ह्यांनी पाईपाच्या तोंडाक जासवंदीचा फूल ठेवल्यानी, बाबलान बटण दाबल्यान आणि फूल गायब! देवान घेतल्यान, म्हणाले हे. बाबल म्हणालो, देवान नाय, पिशयेन घेतल्यान.

तर पिशवी. ती म्हंजे काय, मशीनान ओढलेली हवा पिशयेतसून भायर जाता आणि धूळ आत ऱ्हवता. जुनी पिशवी त्याच दिसा काढूक गेलंय तर हातात पापुद्रे झाले. नवी शिवूची माझ्याकडे. पयली शिवलंय ताडपत्रीची, तर हवाच भायर जाय ना, मशीन नुसता गुरगुरला. मगे मांजरपाट घेतलंय, दुहेरी, बारीक टाको घालून शिवलंय. मशीन छान ओढूक लागला, पण बारीक धूळ पिशयेतसून धुरासारखी भायर. आमच्या पडवीच्या कौलात काच आसा, थंयसून उन्हाची तिरीप येता, आणि त्या तिरपीत बघितलंय तर सगळी धूळ नाचता, पयल्यासारखीच. हे खोकले. बाबलान मोटार परत खोल्ल्यान, पाईप बघल्यान, सांधे बघल्यान, कायच मेळाक नाय.

आणि मी काय करी होतंय? रोज सांजच्याक पिशवी काढी, रिठ्याच्या पाण्यात भिजवी, दगडार आपटी, पांढरीशुभ्र करून दोरयेर घाली. सकाळी परत मशीनाक. माका वाटा, मी केवडी मदत करतंय! ह्यांचो खोकलो काय कमी होईना आणि दिवाळी तोंडार इलेली, म्हंजे तुळशीचा लगीन किती ऱ्हवला. हे एक दिस म्हणाले, ऱ्हवांदे, देवाच्या मनात नाय. मी चुलीकडे जावन रडलंय.

तेवाच भावाचो रेडीसून फोन, भात कापूक इलाहा, माणसां मेळणत नाय, ये. गेलंय. आठवडाभर शेतात. परत इलंय ती मनात एकच, पडवीत हातभर धूळ असतली. बघतंय तर सुकत ठेवलेले आंबे लखलखीत! झाकलेले पण नाय. मी ह्यांका म्हटलंय, कामाक हात लावक नाय वाटता? हे म्हणाले, रोज कातलंय, पिंप बघ. पिंप भुकटेन भरलेला. आणि तिरीप शोधतंय तर दिसणाच नाय. धूळच नाय तर ऊन दिसतला कशात? मी पिशयेत हात घातलंय, आतसून सगळीकडे धुळीचो पातळ थर, शेणान सारवल्यासारखो. नवा मडक्या झिरपता आणि वापरून वापरून बंद होता, तसाच ता. धुळीनच धूळ अडवलेली, आणि मी मेली ती रोज धुवन काढी होतंय!

तरी माझो स्वभाव, माका पटाक व्हया. परत धुतलंय. दुसऱ्या दिसा तिरीप भरून धूळ. हे असे खवळले, म्हणाले, गो बाये, तुझ्या हातात आता साबण दिसलो तर बघ! त्या दिसापासून ती पिशवी मी नुसती हळू झाडतंय. हात शिवशिवतत, पण धुणय नाय. हळूहळू ह्यांचो खोकलो उतरलो, जिनो एका दमात चढाक लागले. आणि मी माझे रंग घेवन सकाळीच पडवीत येवक लागलंय, लेथीपासून चार हातांवर. मशीनाचो आवाज असो काय बोललेला कायच ऐकाक येणा नाय. हे हात करून विचारतत, मी मान हलवतंय. शेजारणीक म्हटलंय, बघ, समोरासमोर बसान पण भांडाण नाय.

तुळशीचा लगीन झाला आणि कुडाळचो टेम्पो दारात. हॉर्नवर हॉर्न. ह्यांनी एकदा मान वर करून माझ्याकडे बघल्यानी आणि परत खाली घातल्यानी. दिलेलो शब्द मोडूक ह्यांची जीभ कधी उचलाची नाय, ता माका ठावक. मी कुंचलो ठेवलंय, हात पुसलंय आणि भायर गेलंय. म्हटलंय, भावा, लेथ नाय मेळाची. तो म्हणालो, काकांनी शब्द दिल्यानी. म्हटलंय, शब्द काकांचो, पण घर माझा, आणि घरातला मी काय देणय नाय. तो आधी तापलो, मगे आतलो लेथीचो आवाज ऐकल्यान आणि हसलो. तेका पोळये वाढलंय, तेच्या पोरांका लाकडी फळांची परडी दिलंय, टेम्पो रिकामोच गेलो.

दुपारी मशीन बंद करून ह्यांनी विचारल्यानी, सकाळी कोण इल्लो गो? मी म्हटलंय, कोणतरी वाट चुकलेलो. हे उठले, चुलीकडे गेले आणि जल्मात पयल्यांदा माझ्यासाठी चाय करून आणल्यानी. तेवापासून दुपारची चाय तेच करतत, साखर दुप्पट घालतत, पण मी कायच म्हणणय नाय. ता बघा, आता पण आधण ठेवल्यानी. बसा, गोड चालात ना? पिवन जावा, देव तुमचा बरा करांदे.