तिसऱ्या प्रकरणाची दुरुस्ती

सन्माननीय अध्यक्षा श्यामलाताई, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती डॉ. पूर्णिमा ढोबळे, त्यांचे मार्गदर्शक डॉ. सलिल आगाशे, आणि 'आम्ही अगदी वेळेवर पोहोचलो' असं सांगणारे, पण मला खरं न वाटणारे पुणेकर रसिकजन!

निवड समितीचा प्रमुख म्हणून मी दोन शब्द बोलावेत, असं संयोजकांनी सुचवलं. त्यांचा माझ्यावर विश्वास नसावा; समोर घड्याळ ठेवलंय.

रसायनशास्त्रातल्या उत्तम पीएचडी प्रबंधाला आपण अकरा वर्षं हा पुरस्कार देतो. यंदा पूर्णिमाताईंचा प्रबंध वाचला आणि माझ्या कपाळाला आठी पडली. बारा अभिक्रिया, आणि बाराही ठिकाणी नव्वद टक्क्यांच्या वर उत्पादन! अहो, रोजचा भातसुद्धा बारापैकी दोनदा करपतो. समितीतले बाकीचे 'वा, वा' म्हणत होते. मी म्हटलं, मला हे डोळ्यांनी बघायचंय.

गेलो प्रयोगशाळेत. ताईंनी माझ्यासमोर सॉल्व्हंटची, म्हणजे ज्यात अभिक्रिया होते त्या द्रावकाची, नवी कोरी बाटली उघडली, सहा तास अभिक्रिया चालवली. हाती काय आलं? सात टक्के. त्यांचा चेहरा उतरला. मला मात्र, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. आगाशे मला बाजूला घेऊन म्हणाले, "पानसे सर, पाहुण्यांसमोर कुणाचं जमतं? शिफारशीवर सही करून टाका." मी सही केली नाही.

तीन आठवड्यांनी ताई माझ्या घरी आल्या. हातात एक जुनी बाटली.

"सर, लॅबमध्ये सॉल्व्हंट कोरडं करून आम्ही हिच्यातच भरून ठेवतो. हिचं झाकण तडकलेलं आहे. हवेतला ओलावा आत जात होता, अन् मी पाच वर्षं पानोपानी 'कोरडं सॉल्व्हंट' लिहीत गेले. खरंच कोरडं घेतलं की सात टक्के. दोन थेंब पाणी घातलं की नव्वद."

"म्हणजे?"

"म्हणजे तिसरं प्रकरण चुकलंय. पाणी चालत नाही असं मी लिहिलं, अन् पाण्यानंच सगळं होतंय. दुरुस्ती लिहून आणलीय. पुरस्कारातून माझं नाव काढा."

या पुरस्कारावर त्यांची परदेशातली फेलोशिप अडली होती, हे मला ठाऊक होतं. आगाशे त्यांना म्हणालेच होते म्हणे, "छापून झालंय. आता कशाला उकरतेस?"

तुम्हाला वाटेल, मी विरघळलो. छे! सहानुभूतीसाठी टाकलेला डाव नसेल कशावरून? निवृत्तीनंतर पहिल्यांदा मी एप्रन चढवला आणि स्वतःच्या हातांनी प्रयोग केला. पाण्याशिवाय सहा टक्के, दोन थेंबांनी अठ्ठ्याऐंशी. उरलेले दोन टक्के मी सांडले असणार.

तेव्हा मंडळी, आजचा पुरस्कार प्रबंधाला नाही, त्या आठ पानी दुरुस्तीला आहे. आगाशे टाळ्या वाजवताहेत. त्या मनापासून आहेत का, हे मी तपासणार नाही.

एक राहिलं. "सर, तुम्ही एवढे संशयी का?" असं ताईंनी त्या दिवशी विचारलं होतं. मी चहाचं विचारून विषय बदलला. चाळीस वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या प्रबंधात, चौथ्या तक्त्यात, एकसष्ट टक्क्यांचे मी अडुसष्ट केले. कुणी विचारलं नाही. त्याच प्रबंधावर नोकरी मिळाली, विभागप्रमुख झालो, आज या खुर्चीत बसलोय. तेव्हापासून दुसऱ्याचा प्रत्येक आकडा मला माझ्यासारखाच वाटतो. पूर्णिमाताई, तुमचा नव्हता. मला तुमच्यासमोर लाज वाटते.

संयोजकांचे, श्यामलाताईंचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर क्षमा करावी. चौथ्या तक्त्याची क्षमा मात्र मागत नाही; त्याची दुरुस्ती आज सकाळी विद्यापीठाकडे पाठवली आहे.