मेलबर्न लांब हाय म्हणे!

...लांब हाय म्हणे! आता तुम्हीच सांगा, मेलबर्न लांब आहे हे मला कळत नाही? मीच पोरगी दिली ना तिकडं? "जावई परदेशात असतो" असं अख्ख्या नेकनूरला सांगत फिरताना आमच्या ह्यांना नाही वाटलं लांब! आणि आता धनश्री पहिलटकरीण, पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली रीत, पण तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता विमानात बसायचं नाही. म्हटलं, बरं! लेक माहेरी येत नाही, तर माहेर उठून लेकीकडं जाईल... की ह्यांचं सुरू, "लई लांब हाय!"

त्यात धाकटे दीर, अंगदभाऊजी, मोबाईल घेऊन हजर. "वहिनी, मुंबईपासून धा हजार किलोमीटर! आपल्या एसटीला मुंबईच्या चारशे किलोमीटरला अख्खी रात लागती, त्या हिशेबानं..." हाताची बोटं संपली, पायाची धरली, "...पंचवीस राती!"

हे लगेच, "ऐकलंस? बारसं हुकलं की!"

म्हटलं, भाऊजी, विमान काय मांजरसुंब्याला चहाला थांबतंय का? आणा तो मोबाईल इकडं! बघते तर काय, बारा-तेरा तास! सकाळची भाकरी इथं खाल्ली तर दुसरी तिथं! तरी आपलं, लांब हाय!

तुम्हाला सांगते, आमच्या शेजारची भिवराबाई दिवाळी झाली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी भरून, तान्ही नात मांडीवर घेऊन, ऊस तोडायला थेट कर्नाटकात जाते. तिला म्हटलंय का कुणी कधी, बाई, लांब आहे, राहू दे? आणि मी खुर्चीत बसून जायचं, तर सगळे अंतर मोजायला बसले!

मग ह्यांनी डोकं चालवलं. "धनू बीडला कॉलेजात होती तवा तू तिचा डबा एसटीच्या ड्रायव्हरकडं द्यायचीस का न्हाई? तसे डिंकाचे लाडू विमानाच्या ड्रायव्हरकडं दिऊ. माणूस कशाला पायजे?"

अहो, काय बोलावं! लाडू पोचतील हो! पण कळ आल्यावर पोरगी "आई गं" म्हणून ओरडली, तर डबा ओ देणार आहे का? तिच्या पाठीला तेल काय डबा चोळणार आहे?

तेव्हा हे खाली बघत म्हणाले, "तसं न्हाई गं... तू कवा इतके दिस गेली न्हाईस. घर खायला उठंल."

गलबलून आलं हो मला, खोटं कशाला सांगू! पण मनाला म्हटलं, आता विरघळलीस तर बसशील इथंच! आवाज चढवला... मी जाणार म्हणजे जाणार! लांब असू द्या नाहीतर लांबच्या पल्याड असू द्या! तिकीट काढा!

काढलं हो. दोन काढली! हे पण येणार!

म्हटलं, का हो, लांब आहे ना?

तर म्हणतात कसे, "लांब कसलं? एका झोपेत तर पोचतो!"

...म्हणजे तेरा तास हे घोरणार, आणि सगळ्या विमानाला "माफ करा हं" म्हणत जागी मी!