वाचनालय उद्या उघडेल

नाशिकच्या स्टँडवर नांदगावच्या गाडीची रांग होती. माझ्यापुढे नांदगावच्या ग्रंथपाल इंदिराताई आणि त्यांच्या वाचनालयाची वेबसाइट बनवणारा मयुरेश बोलत उभे होते.

“ताई, वाचनालय बंद करायचा ठराव ट्रस्टने खरंच मागे घेतला! मला अजून पटत नाहीये.”

“आणि तू म्हणत होतास, वेबसाइटला माहितीचं एक कायमचं पान पुरे.”

“मला वाटलं, दर आठवड्याला नवीन पोस्ट लिहिणार कोण?”

“मी लिहिल्या ना! दर शुक्रवारी एका वाचकाबद्दल.”

“पहिले कित्येक महिने कुणी फिरकलंसुद्धा नाही.”

“मग धोंडाबाईंची पोस्ट आली. भाजी विकून झाली की त्या पुस्तक बदलायला येतात, ती.”

“ती तर गावभर फिरली, ताई! म्हणून तर आज इथे नाशिकला ट्रस्टच्या सभेला जीपा भरभरून माणसं आली.”

“आणि धोंडाबाई तर थेट अध्यक्षांसमोर उभ्या राहून बोलल्या.”

“आता आजची पोस्ट?”

“लिही, मी सांगते. ‘वाचनालय उद्या सकाळी आठ वाजता उघडेल.’”

“अहो, ती वेळ कायमच्या पानावर आहेच की!”

“असू दे. आज मला ती पुन्हा लिहायचीय.”