ओढ्यात बंद पडणारी जीप

पुढील बोलणे मी गेल्या फेब्रुवारीतील तिसऱ्या मंगळवारी, दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान, गाड्यांच्या वायरिंगची कामे करणाऱ्या एका मिस्त्रींकडून, त्यांच्या गॅरेजमध्ये ऐकले. आमच्या भूशास्त्र विभागाने लिलावात घेतलेली जुनी डिझेल जीप ओढ्यात उतरली की बंद पडत असे आणि ओढून सपाटीवर आणली की पुन्हा सुरू होत असे. तीन ठिकाणी दाखवूनही दोष सापडला नव्हता. माझे प्रश्न येथे गाळले आहेत. ते मोजकेच होते.

— नाही नाही, बॅटरीचा काय दोष? तिघांनी तुम्हाला तेच सांगितलं असणार — बॅटरी बदला, फ्यूज बदला, वेळ पडली तर ड्रायव्हर बदला — बदलता येतं ते बदलायचं, शोधायचं कुणी? इथं उभी आहे तोवर ही गाडी म्हणजे गरीब गाय. बघा, एकेक वायर हलवतोय, अर्थिंगची पट्टी घट्ट आहे, टर्मिनल स्वच्छ आहेत, इंजिन चालूच. खड्ड्यातला दोष खड्ड्यातच सापडतो, आणि खड्डा काही माझ्या गॅरेजात नाही — म्हणून हा जॅक. बाकीच्या चाकांना दगड लावलेत ना? लावलेत. आता पुढचं डावं चाक उचलतो, एकटंच, म्हणजे हिला वाटेल उतरले बाई ओढ्यात. तुम्ही आतच बसा, दगडांचे डॉक्टर, कशाला हात लावू नका, नुसतं ऐका. अजून वीतभर... अजून... — गेलं. ऐकलंत? तुम्ही काही केलंत? नाही. मी काही केलं? नाही. आपोआप गेलं.

खाली उतरा, दाखवतो. ही वायर. चावीकडून निघते, पत्र्याच्या भोकातून पुढं येते आणि इंजिनावरच्या त्या छोट्या व्हॉल्व्हला जाते — करंट आहे तोवर तो डिझेल सोडतो, करंट गेला की दार बंद, इंजिन उपाशी. बॉडी आणि इंजिन म्हणजे एका घरातल्या दोन जावा, साहेब — रस्ता वाईट लागला की एक इकडं तोंड करते, दुसरी तिकडं. मधल्या वायरला ढील हवी, चार बोटं तरी. ही बघा, तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणलीय. वरून साबूत, आत तांबं तुटलेलं — सपाटीला टोकाला टोक लागतं, चालते. अंग मुरडलं की सुटतं. आणि बांधलंय बघा कसं — मेणाचा दोरा, दर तीन बोटांवर गाठ, सगळ्या गाठी एका रेषेत, वेणी घातल्यासारखी. कुणी केलंय म्हणता? होता कुणीतरी चांगल्या हाताचा — नको तेवढा चांगला — मीच. मीच हो. आपली गाठ आपल्याला ओळखू येते. बॉनेट उघडलं तेव्हाच ओळखली, म्हणून तर मघापासून एवढी बडबड लावलीय.

दवाखान्याची होती ही जीप. डोंगरावरच्या वस्त्यांना औषधं न्यायची, येताना कुणाला आणायचं असेल तर आणायची. नऊ वर्षं माझ्या थोरल्या भावानं चालवली. रंग तेव्हा पांढरा होता. मी नवीन दुकान टाकलेलं, दादानंच साहेबांना सांगून मला हिचं सगळं वायरिंग मिळवून दिलं — पहिलं मोठं काम — मी जीव ओतला त्यात, बघणाऱ्यानं बघत राहावं असं बांधलं. वर्षभरात ही ओढ्यात बंद पडायला लागली. एकदा पडली, दोनदा पडली, तिसऱ्यांदा मागं पाय मोडलेला म्हातारा होता — पाच तास पाण्यात उभी. मेलं नाही कुणी, ते एक बरं. पण दादाची त्याआधी एकदा गाडी उलटली होती, आणि लोकांना काय, निमित्तच पाहिजे — म्हणाले, भेदरलाय हा, ओढा दिसला की स्वतःच बंद करतो. हिला यार्डात आणून तपासली, तर चालतेय की झकास! तुमच्यासारखंच. यार्ड सपाट ना.

तपासली कुणी? — मीच. मॅनेजरनी मला बोलावलं, म्हणाले वायरिंग बघून सांगा. काय बघितलं मी? दिवे लावले. हॉर्न वाजवला. बॉनेट उघडून आपल्याच गाठींकडं पाहिलं, त्या एक नंबर होत्या, आणि सांगितलं — वायरिंगमध्ये दोष नाही. दहा मिनिटांचं काम. जॅक काढायचं सुचलं नाही — सुचलं नाही असं म्हणतो मी, स्वतःलाही तसंच सांगतो — पण खरं म्हणजे दादा आदल्या रात्री जेवताना म्हणाला होता, बाळ्या, ढील ठेवलीयस ना रे वायरला? सहज विचारावं तसं. आणि मी ताटावरनं उठलो. म्हटलं, तू गाडी चालव, मला धंदा शिकवू नकोस. वहिनी म्हणाली, अहो, पोराला जेवू तरी द्या.

दुसऱ्या दिवशी चौकशीत त्याला विचारलं, तुमचं काय म्हणणं, वायरिंगचा दोष असेल का? त्यानं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं हो — आणि म्हणाला, नाही साहेब, वायरिंग माझ्या भावानं केलंय. झालं. लायसन तिथंच टेबलावर ठेवलं. दवाखान्यानं दुसरी गाडी घेतली, ही यार्डातच पडून राहिली, तुमच्या लिलावापर्यंत. आता वखारीच्या फाटकावर बसतो, ट्रक आला की फाटक उघडायचं, गेला की लावायचं. सहा वर्षं झाली. कुणाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसत नाही, मागं बसतो, डोळे मिटून. मध्ये एकदा मलाच म्हणाला, असेल रे, माझाच पाय कचरत असेल, मला आठवत नाही. स्वतःचा पाय! माणसाला स्वतःच्या पायाचा भरवसा राहू नये...

काय लिहिताय? लिहा, लिहा. माझं काय जायचंय. नाही, सांगितलं नाही त्याला. कसं सांगणार, मलाच आज कळलं — म्हणजे — बरं, आज दिसलं, असं म्हणा.

नवी वायर? टाकतो की, अर्ध्या तासाचं काम, ढील ठेवून टाकतो. पण आत्ता नाही. आत्ता आहे तशी राहू दे. ऐकून पटायचं नाही त्याला, म्हणेल भाऊ आहे, समजूत घालतोय. त्याला बसवायचं चाकावर, मी चाक उचलतो, दोन्ही पाय त्यानं वर घ्यायचे, सीटवर मांडी घालून बसायचं — आणि मग बंद पडू दे हिला त्याच्या देखत. वखारीपर्यंत रस्ता सपाट आहे, जाईल ही. चावी आतच आहे ना? तुम्ही कशाला येताय? तुमचं काय काम तिथं? तो स्टूल घ्या, बसा. फोन वाजला तर उचलू नका. सरका — सरका म्हणतो ना, दगड काढायचाय.

मिस्त्री पावणेपाचला परतले. वायर बदललेली होती आणि बॉनेटखाली चार बोटांची ढील स्पष्ट दिसत होती. ती कोठे व कोणी बदलली, हे त्यांनी सांगितले नाही. जीप त्यानंतर अकरा वेळा ओढ्यातून गेली, एकदाही बंद पडली नाही. एप्रिलमध्ये मी वखारीच्या फाटकावर थांबलो. थोरल्या भावांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायर पाहिले आणि मला पुढच्या ओढ्याला कोणता गिअर टाकतो ते विचारले. चौकशीच्या दिवशी त्यांनी ते उत्तर भावावरच्या विश्वासाने दिले होते की सगळे जाणून, हे मी त्यांना विचारू शकलो नाही. तेवढा भाग पडताळलेला नाही.